एका आण्याची ट्राम आणि पायी चालणारे गिरणगाव

३१ मार्च १९६४, मंगळवार. रात्री दहा वाजता बोरीबंदरहून मुंबईची शेवटची ट्राम दादरकडे निघाली. गाडी खच्चून भरलेली होती. भायखळा, लालबाग, परळ करत ती दादरला पोहोचली आणि ९ मे १८७४ पासून चालत आलेला मुंबईचा ट्रामप्रवास संपला. स्मरणरंजनाच्या लिखाणात या रात्री अवघी मुंबई निरोप द्यायला लोटलेली असते. पण पंचांग आणि गिरणीचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवले की त्या ‘अवघ्या’ मुंबईत मोठे भगदाड दिसते. मंगळवार हा कामाचा दिवस. दुपारी साडेतीनला आत गेलेली दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. रातपाळीवाले बाराच्या भोंग्याआधी डोळा लागतो का पाहत असणार, आणि सकाळी सातच्या पाळीवाल्यांनी अंथरूण धरलेले असणार. शेवटची ट्राम लालबागवरून गेली, तेव्हा गिरणगावचा मोठा हिस्सा साच्यांपाशी उभा होता किंवा झोपलेला होता.

हे अनुमान आहे, पण त्यातून निघणारा प्रश्न कागदपत्रांना विचारता येतो. ट्राम गिरणगावातून जात होती यात शंका नाही. गिरणगाव ट्राममधून किती जात होते? लोअर परळ, डिलाईल रोड, करी रोड, लालबाग या पट्ट्यातल्या माणसांचा ट्रामशी संबंध कसा होता? त्याचे पुरावे चार जागी सापडतात: कंपनीचे करार आणि कायदे, सरकारी चौकशांचे अहवाल, जुने चित्रपट, आणि रस्त्याखाली गाडले गेलेले लोखंड. यातला प्रत्येक साक्षीदार वेगळ्या कामासाठी तयार झाला. ट्रामच्या आठवणी जपण्यासाठी एकही झाला नाही, म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची.

आधी करार. मुंबईत ट्राम आणण्याची कल्पना १८६५ सालची. एका अमेरिकन कंपनीला घोड्यांच्या ट्रामचा परवानाही मिळाला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, तिकडचा कापूस पुन्हा लँकेशायरला जाऊ लागला, मुंबईतल्या कापसाच्या भावाचा फुगा फुटला आणि त्यावर उभे असलेले शेअर्सचे मनोरे कोसळले. ट्राम कागदावरच राहिली. पुढे १८७३ मध्ये स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकनांशी नगरपालिकेचा करार झाला, बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि १८७४ मध्ये मुंबई सरकारने ट्रामसाठी स्वतंत्र कायदा केला. कापसाच्या एका हंगामाने ट्राम आठ-नऊ वर्षे लांबवली, हे गिरणगावच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. या शहरात कापसाला शिंक आली की सगळ्यांनाच पडसे व्हायचे.

पहिले दोन मार्ग पाहा: कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. दोन्ही कोट आणि बाजारपेठेच्या पट्ट्यातले. भाडे तीन आणे. तिकीट नाहीच, पैसे थेट हातात. थोड्याच काळात भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकटे वाढले तेव्हा तिकिटे छापावी लागली. स्टर्न्स आणि किट्रेज यांच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असे सांगतात. उन्हाळ्यात या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत. परळला तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता. पुढे प्लेगच्या काळात त्याच वास्तूत हाफकिनची प्रयोगशाळा आली. गिरण्या ताडदेव, भायखळ्याकडून हळूहळू उत्तरेला सरकत होत्या. ट्रामच्या पहिल्या नकाशात कामगार नाही, कारण ट्राम काढणाऱ्यांच्या हिशेबात तो गिऱ्हाईकच नव्हता.

यातल्या किट्रेजचा आणखी एक धागा इथे जोडायला हवा. स्त्री-डॉक्टरांसाठी मुंबईत निधी उभारणाऱ्यांत जॉर्ज किट्रेज पुढे होते. कामा हॉस्पिटलच्या जन्मामागे ही चळवळ आहे. त्या कामातले त्यांचे सहकारी सोराबजी शापुरजी बंगाली. हेच बंगाली १८७८ पासून गिरणी कामगारांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा यावी म्हणून खटपट करत होते. १८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण तो फक्त मुलांपुरता: सात वर्षांखालच्यांना काम बंद, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. मोठ्या माणसांच्या तासांना हातच लागला नाही. ट्राममालक आणि कामगारांचा कैवारी एका समितीत बसू शकत होते. कामगार आणि ट्राम एकत्र यायला मात्र अजून बराच अवकाश होता.

विजेचे वर्ष १९०५. ३१ जुलैला ‘बॉम्बे इलेक्ट्रिक लायसन्स’वर बॉम्बे ट्रामवे कंपनी, नगरपालिका आणि ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी यांच्या सह्या झाल्या. त्याच वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवे कंपनी निघाली. आजच्या ‘बेस्ट’मधला ‘टी’ मुळात ट्रामवेचा. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली, आणि जुन्या मुंबईच्या कौतुकाची कथा इथे रंगात येते.

पण १९०५ मध्ये वीज आणखी एका दाराने आत आली. त्या वर्षी मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे लागले. तोवर सूर्य मावळला की साचा थांबायचा. आता थांबायचे कारण उरले नाही. कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर, कुठे पंधरा तासांवर गेला. कामगारांनी दंगा केला. मग १९०६ मध्ये कापड गिरण्यांच्या कामाच्या तासांची चौकशी करणारी समिती बसली, त्यानंतर आयोग नेमला गेला, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत मोठ्या माणसांचा दिवस बारा तासांवर आणला. म्हणजे ज्या सुमारास कोटातला कारकून विजेच्या ट्राममधून घरी लवकर पोहोचू लागला, त्याच सुमारास गिरणीतल्या माणसाचे घरी जाणे विजेमुळेच लांबले. १९१५ पासून खोपोलीहून टाटांची जलविद्युत परळच्या केंद्रावर येऊन गिरण्यांना मिळू लागली, आणि पुढे ट्राम चालवणारी कंपनीही टाटांकडूनच वीज विकत घेऊ लागली. लोणावळ्याच्या एकाच पावसावर साचाही फिरत होता आणि ट्रामही. स्मरणरंजनात त्यातली फक्त ट्राम येते.

आता सर्वात बोलका कागद. १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल छापला. तो तयार केला जी. फिंडले शिरास यांनी, १९२१-२२ च्या पाहणीवरून. त्यात कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चाची वाटणी अशी: अन्न ५६.८ टक्के, कपडे ९.६, घरभाडे ७.७, जळण आणि दिवाबत्ती ७.४, आणि उरलेले १८.५ टक्के किरकोळ. त्या ‘किरकोळ’मध्ये कर्जाचे व्याज, गावी पाठवायचे पैसे, पान-तंबाखू, दवापाणी, सणवार. ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती.

आता यात ट्राम बसवून पाहू. जुनी माणसे ज्याची वाखाणणी करतात तो एका आण्याचा दर धरू. जाताना एक आणा, येताना एक आणा. महिन्याला २६ दिवस काम म्हणजे ५२ आणे, सव्वातीन रुपये. सरासरी उत्पन्नाच्या सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. घरभाड्यावर जवळपास पावणेआठ टक्के जात होते. म्हणजे घरातल्या एका माणसाने रोज ट्रामने कामावर जायचे ठरवले असते, तर अख्ख्या कुटुंबाच्या छपराला लागणाऱ्या पैशाच्या चार-पंचमांश रक्कम रुळांवर गेली असती. नवरा-बायको दोघेही गिरणीत असतील तर भाड्यापेक्षाही जास्त. ‘एका आण्यात अख्खी मुंबई’ हे वाक्य आठवणींत कितीही गोड लागले, तरी तो आणा कोणाच्या खिशातला हे आधी विचारायला हवे.

कामगारांनी हा हिशेब कागदावर मांडला नव्हता, पायांनी केला होता. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईच्या कामगार आणि घरांवरचा अभ्यास १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा की सुमारे ९० टक्के गिरणी कामगार कामाच्या जागेपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहत. कारण फक्त भाडे वाचवणे नव्हते. बदली कामगाराला पहाटे फाटकावर हजर राहावे लागे. कामावर घेणाऱ्या जॉबरच्या नजरेसमोर नसला तर त्या दिवसाचे काम दुसऱ्याला जाई. उधारीवर धान्य देणारा वाणी, खाणावळीचा डबा, गावकऱ्यांची खोली, पाळी सुटल्यावरचे भजनी मंडळ आणि आखाडा हे सगळे भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरात. भोंगा हेच घड्याळ, भोंगा हीच हाळी. डिलाईल रोडच्या किंवा करी रोडच्या चाळीतून निघालेल्या माणसाला ट्रामथांब्यापर्यंत जायला लागतील तेवढ्याच पावलांत गिरणीचे फाटक लागे. गिरणगाव नावाची वस्ती मुळात ट्राम लागू नये अशीच रचली गेली होती. चाळी बांधणाऱ्यांनी आणि कामावर घेणाऱ्यांनी माणसाला यंत्राजवळ ठेवले होते.

याचा अर्थ गिरणी कामगार ट्राममध्ये कधी चढलाच नाही असा नाही. सुट्टीच्या दिवशी, गावाकडचा पाहुणा आला की चौपाटी दाखवायला, लग्नाच्या खरेदीला, बोरीबंदरला कोणाला सोडायला तो ट्राममध्ये बसत असणार. रोजच्या पायपिटीतून एक दिवस मोकळा झालेल्या माणसाचा तो प्रवास होता. म्हणूनच गिरणगावच्या आठवणींत ट्राम सणासुदीसारखी येते. गिरगावच्या किंवा दादरच्या कारकुनाला ती दिनचर्येचा भाग वाटते. दोघेही खरेच सांगतात, पण एकाच शहराबद्दल सांगत नाहीत.

१९२१ चा आणखी एक कागद इथे ठेवायला हवा. १७ नोव्हेंबरला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. काँग्रेसचा बहिष्कार होता. परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात त्या दिवशी विदेशी कापडाची होळी झाली. गांधीजी तिथे होते. तिथून निघाल्यावर त्यांनी शहरात काय पाहिले ते त्यांनी ‘यंग इंडिया’त लिहिले. जमावाने ट्रामगाड्या अडवल्या होत्या आणि प्रवाशांच्या डोक्यावरच्या विदेशी टोप्या हिसकावल्या जात होत्या. गांधीजींना ही हिंसा जिव्हारी लागली आणि त्यांनी उपोषण केले. ट्रामच्या इतिहासासाठी या टिपणात एक बारीक नोंद दडलेली आहे. त्या दिवशी युवराजाच्या स्वागताला निघालेला, विदेशी टोपी घालणारा माणूस शोधायचा तर तो ट्राममध्ये सापडेल, हे जमावाला ठाऊक होते. ट्रामची बैठक कोणत्या वर्गाची समजली जात होती, ते यावरून कळते.

पाच वर्षांनी, १५ जुलै १९२६ रोजी, कंपनीने मोटारबस सुरू केली. २४ गाड्या, तीन मार्ग: अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, दादर ट्राम टर्मिनस ते किंग्ज सर्कल, आणि ऑपेरा हाऊस ते लालबाग. या यादीतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, १९२६ पर्यंत ट्रामचा शेवट दादरलाच होता. माटुंग्याकडच्या नव्या वसाहतींसाठी बसची जोड द्यावी लागली. ‘दादर टीटी’ हे नाव तिथलेच. दुसरी, गिरणगावला थेट गिरगावशी जोडायची गरज कंपनीला पहिल्याच फटक्यात दिसली होती. पण सुरुवातीच्या बसमध्ये बसणारे लोक बहुतेक वरच्या मध्यमवर्गातले होते. लालबाग हे मार्गाचे टोक झाले, तरी लालबागची माणसे गिऱ्हाईक झालीच असे नाही.

आता चित्रपट. ट्रामच्या आठवणी आज जिवंत आहेत त्या कागदांपेक्षा पडद्यावर. १९५६ चा ‘सी.आय.डी.’ आठवा: दिग्दर्शक राज खोसला, जॉनी वॉकरवर चित्रित झालेले मुंबईचे गाणे, शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत ओ. पी. नय्यर यांचे. त्या गाण्यात ट्राम आणि गिरणी एकाच यादीत येतात. कवीला दोन्ही वस्तू शहराची खूण म्हणून सारख्याच वाटल्या. पण कॅमेऱ्याला त्या सारख्या नव्हत्या. रस्ता कोणाचाही असतो. गिरणीच्या फाटकावर पहारेकरी असतो. त्यामुळे त्या काळच्या चित्रपटांत ट्राम सहज ओघात येते, गिरणी बहुधा दुरून, धुराड्यापुरती.

चित्रपट पुरावा म्हणून वाचताना दोन पथ्ये पाळावी लागतात. एक, ट्रामच्या खिडकीबाहेर धावणारा रस्ता खरा असेलच असे नाही. त्या काळात मागे पडदा लावून, त्यावर आधी टिपलेला रस्ता सोडून स्टुडिओत दृश्ये घेत. दोन, प्रदर्शनाचे वर्ष म्हणजे चित्रीकरणाचे वर्ष नव्हे. शहराची दृश्ये एका चित्रपटातून दुसऱ्यात उचलली जात. मग १९५६ च्या पडद्यावरची ट्राम आधीच बंद झालेल्या मार्गावरची असू शकते, कारण १९५३ पासून ट्रामचे मार्ग एकेक करून बंद होत होते.

टिकलेल्या चित्रपटांचा काळही नीट पाहायला हवा. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यातले तीसही पूर्णपणे हाती नाहीत. साधारण १९५० पर्यंतची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणारी आणि काळाबरोबर कुजणारी. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले फेब्रुवारी १९६४ मध्ये, तेव्हा ट्राम बंद व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूळ प्रती गेल्या. परिणाम असा की आपल्याला हलताना दिसणारी ट्राम बहुतांशी १९५० नंतरची आहे: म्हातारी, आक्रसत चाललेली, बस आणि मोटारींच्या गर्दीत अडकलेली. शिरास यांनी कामगारांचे जमाखर्च नोंदवले तेव्हाची ट्राम, सप्टेंबर १९२० मध्ये आलेली दुमजली ट्राम, पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. गोडवे गातो आपण ते ट्रामच्या शेवटच्या दशकाचे, आणि त्याला नव्वद वर्षांचे नाव देतो.

शेवटचा साक्षीदार जमिनीतला. नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचे काम सुरू असताना डांबराखाली जुने रूळ आणि दगडी फरसबंदी सापडली. ते जपण्याचे ठरले, हे योग्यच झाले. भाटिया बागेत ट्रामचा डबा ठेवायची वेळ आली तेव्हा तो कोलकात्याहून आणावा लागला. मुंबईने आपल्या गाड्या मोडीत काढल्या होत्या.

त्याच २०१७ च्या पावसाळ्याअखेर, २९ सप्टेंबरला, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी कार्यालये आणि मॉल उभे राहिले होते, फिनिक्सचे धुराडे दुकानांच्या मधोमध शोभेला उरले होते, आणि एकेकाळी पंधरा मिनिटांत पायी येणाऱ्या माणसांच्या जागी वसई, कल्याण, पनवेलहून येणारी माणसे त्याच अरुंद जिन्यांवर चढत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या, कामगारांची मुले दूर फेकली गेली, आणि जिथे वाहन लागतच नव्हते ती वस्ती शहरातल्या सर्वात गर्दीच्या प्रवासाचे ठिकाण झाली. गिरणगावच्या वाहतुकीचा इतिहास लिहायचा तर तो इथपर्यंत आणावा लागतो. ट्रामपाशी थांबून भागत नाही.

म्हणून ट्रामच्या आठवणी सोडून द्याव्यात असे मुळीच नाही. घंटेचा ठणठणाट, चालत्या गाडीतून उतरणारा कंडक्टर, दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावरचा वारा हे सगळे खरे होते आणि ज्यांनी अनुभवले त्यांचे ते हक्काचे. पण बेस्टच्या आणिक आगारातल्या संग्रहालयात जुन्या ट्रामच्या तिकिटाशेजारी १९२३ च्या अहवालातला जमाखर्चाचा तक्ताही लावावा. घरभाडे ७.७ टक्के, रोज ट्रामने गेल्यास सव्वासहा. पाहणाऱ्याला मग स्वतःच कळेल की लालबागच्या रस्त्यावर ट्राम धावत होती तेव्हा तिच्या बाजूने चालणारी माणसे चालत का होती.